एक वेब सर्व्हर, मागे अनेक ॲप सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एनजिनएक्स आणि अपाची २.४ यांच्याभोवती लिहिलं आहे. गरज पडेल तिथे एचएप्रॉक्सी, म्हणजे रिक्वेस्ट वाटणारा आणखी एक प्रोग्रॅम, तोही येतो. उदाहरणांत पुढे एक वेब सर्व्हर आहे आणि मागे १०.०.०.११, १०.०.०.१२ व १०.०.०.१३ या तीन यंत्रांवर ८०८० पोर्टवर एकच ॲप चालतं. पुढचा सर्व्हर आलेल्या रिक्वेस्ट या तिघांत वाटतो; अशा मध्यस्थाला प्रॉक्सी म्हणतात. डायरेक्टिव्हची, म्हणजे सेटिंगच्या फाइलीतल्या सूचनांची, नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची.

एनजिनएक्समध्ये कमीत कमी काय लिहावं लागतं?

दोनच गोष्टी. एचटीटीपी ब्लॉकमध्ये एक ‘अपस्ट्रीम’ ब्लॉक काढायचा, त्याला नाव द्यायचं आणि आत प्रत्येक यंत्रासाठी ‘सर्व्हर’ शब्द, पत्ता, पोर्ट व अर्धविराम अशी एक ओळ लिहायची. मग साइटच्या ‘लोकेशन’ ब्लॉकमध्ये ‘प्रॉक्सी_पास’ला एचटीटीपी आणि त्यापुढे त्या गटाचं नाव द्यायचं. ‘एनजिनएक्स -टी’ने फाइल तपासायची, ‘एनजिनएक्स -एस रीलोड’ने लागू करायची. वाटपाची पद्धत सांगितली नाही तर रिक्वेस्ट आळीपाळीने जातात.

गटाच्या नावात अंडरस्कोर टाळा. होस्ट हेडर वेगळा दिला नाही तर एनजिनएक्स हे नावच होस्ट म्हणून मागे पाठवतो. अंडरस्कोर हे यंत्राच्या नावात वैध अक्षर नसल्यामुळे जँगोसारखे फ्रेमवर्क अशी रिक्वेस्ट ४०० (चुकीची रिक्वेस्ट) देऊन परत पाठवतात. शोधणारा मात्र ॲपमधला दोष शोधत बसतो.

मागचा सर्व्हर त्याच यंत्रावर असेल तर ‘लोकलहोस्ट’ लिहू नका, १२७.०.०.१ लिहा. ‘लोकलहोस्ट’चे बहुधा आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन पत्ते निघतात आणि एनजिनएक्स त्यांना दोन वेगळे सर्व्हर समजतो. ॲप फक्त आयपीव्ही४वर ऐकत असेल तर लॉगमध्ये अधूनमधून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसत राहतं आणि साइट मात्र चालू असते.

अपाचीत हेच कसं करायचं?

आधी मॉड्यूल: मॉड_प्रॉक्सी, मॉड_प्रॉक्सी_एचटीटीपी, मॉड_प्रॉक्सी_बॅलन्सर, मॉड_स्लॉटमेम_एसएचएम आणि वाटपाच्या पद्धतीचं एक, उदाहरणार्थ मॉड_एलबीमेथड_बायरिक्वेस्ट्स. ‘नो प्रोटोकॉल हँडलर वॉज व्हॅलिड’ अशी तक्रार लॉगमध्ये आली की मॉड_प्रॉक्सी_एचटीटीपी लोड व्हायचं राहिलं आहे असं समजा.

मग ‘प्रॉक्सी’ ब्लॉकला ‘बॅलन्सर://ॲपगट’ असं नाव देऊन आत तीन ‘बॅलन्सरमेंबर’ ओळी, आणि बाहेर ‘प्रॉक्सीपास’ व ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’ची जोडी. दुसरी ओळ अनेकजण विसरतात. ॲपने रीडायरेक्ट दिला की ‘लोकेशन’ हेडरमध्ये मागचा पत्ता असतो. ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’ तो बदलून बाहेरचा पत्ता घालतो. नाहीतर वापरकर्त्याचा ब्राउझर थेट १०.०.०.११ गाठायला निघतो.

‘प्रॉक्सीपास’ ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. वरून खाली पाहताना जी पहिली जुळेल तीच लागू होते, म्हणून विशिष्ट पाथ आधी आणि मुळाचा पाथ सगळ्यात शेवटी. स्थिर फाइली ॲपकडे जाऊ द्यायच्या नसतील तर त्या पाथपुढे पत्त्याऐवजी नुसतं उद्गारचिन्ह लिहायचं, आणि तीही ओळ वरच ठेवायची. ‘प्रॉक्सीरिक्वेस्ट्स’ कायम बंद. ते चालू ठेवलं तर तुमचा सर्व्हर कुणालाही कुठेही नेऊन सोडणारा खुला प्रॉक्सी होतो.

प्रॉक्सी_पासच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची की नाही?

एनजिनएक्सबद्दल सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. नियम असा: पत्त्यात गटाच्या नावानंतर काहीही असेल, अगदी नुसती एक रेघ असली तरी, लोकेशनशी जुळलेला भाग कापला जातो आणि त्या जागी ते बसवलं जातं. नावानंतर काहीच नसेल तर मूळ पाथ जसाच्या तसा मागे जातो.

समजा लोकेशन ‘/दुकान/’ आहे आणि रिक्वेस्ट ‘/दुकान/यादी’ची आली. शेवटी रेघ असेल तर ॲपला ‘/यादी’ मिळेल. रेघ नसेल तर ‘/दुकान/यादी’. लोकेशन ‘/दुकान’ असं रेघेविना लिहून प्रॉक्सी_पासला मात्र रेघ दिली तर मागे ‘//यादी’ जातं. काही ॲप दुहेरी रेघ निमूट गिळतात, काही ४०४ देतात. दोन्हीकडे रेघ किंवा दोन्हीकडे नाही, असा शिरस्ता ठेवला की हा घोळ टळतो.

लोकेशन रेग्युलर एक्स्प्रेशनने लिहिलं असेल तर प्रॉक्सी_पासमध्ये पाथ देताच येत नाही, एनजिनएक्स सुरू व्हायलाच नकार देतो. आणि प्रॉक्सी_पासमध्ये व्हेरिएबल वापरलं की कापून बसवण्याचा हा नियमच बंद पडतो: पाथ दिला असेल तर प्रत्येक रिक्वेस्टला तोच जातो.

वाटपाची पद्धत कोणती निवडावी?

सगळ्या रिक्वेस्टना साधारण सारखाच वेळ लागत असेल तर आळीपाळीची मूळ पद्धत पुरते. काही रिक्वेस्ट २० मिलिसेकंदांत आणि काही २० सेकंदांत संपत असतील (अहवाल, मोठ्या फाइली, बाहेरच्या सेवेची वाट पाहणारी कामं) तर ‘लीस्ट_कॉन’ वापरा. ज्याच्याकडे चालू कनेक्शन सर्वांत कमी, त्याला पुढची रिक्वेस्ट. अपाचीत याच्या जवळची पद्धत ‘बायबिझीनेस’ आणि एचएप्रॉक्सीत ‘लीस्टकॉन’.

‘लीस्ट_कॉन’ची एक गोम आहे. बिघडलेला सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टला क्षणात ५०० (सर्व्हरमधली चूक) देत असेल तर त्याच्याकडे चालू कनेक्शन नेहमी कमीच दिसतात. मग सगळी गर्दी त्याच्याकडेच वळते, म्हणजे जो सर्वांत आजारी त्यालाच सर्वाधिक काम. म्हणून ५०० मोजणारी आरोग्य तपासणी सोबत हवीच.

एक यंत्र दुप्पट ताकदीचं आहे. त्याला जास्त काम कसं द्यायचं?

त्याच्या सर्व्हर ओळीत ‘वेट=२’ लिहा; बाकीच्यांचं वजन आपोआप १ असतं. अपाचीत ‘लोडफॅक्टर’. ५, १, १ अशी वजनं दिली तरी एनजिनएक्स पहिल्याला सलग पाच रिक्वेस्ट देत नाही. क्रम क, क, ख, क, ग, क, क असा मिसळून येतो. नवीन आवृत्ती थोड्या लोकांवर तपासायलाही वजन कामाला येतं, फक्त तोच माणूस पुढच्या क्लिकला जुन्या आवृत्तीवर जाऊ शकतो हे धरून चालायचं.

मागचा सर्व्हर बंद पडला हे पुढच्याला कसं कळतं?

सर्व्हरांची यादी लिहिणं हे पाच मिनिटांचं काम. कोण मेला आणि कोण नुसता दमला आहे हे ओळखणं हे खरं काम.

मोफत एनजिनएक्स स्वतःहून कुणाची चौकशी करत नाही. वापरकर्त्याची रिक्वेस्ट पाठवून पाहतो आणि ती फसली की नोंद करतो. ‘मॅक्स_फेल्स’ आणि ‘फेल_टाइमआउट’ हे त्याचे दोन आकडे, मूळ (आपण काही लिहिलं नाही तर लागू होणारी) किंमत अनुक्रमे १ आणि १० सेकंद. फेल_टाइमआउटचे दोन अर्थ आहेत: इतक्या वेळात इतक्या चुका झाल्या तर सर्व्हर बाद, आणि तो बाद राहणार तोही तितकाच वेळ. मूळ किमतीत एकच चूक पुरते. नेटवर्क क्षणभर अडखळलं तरी धडधाकट सर्व्हर १० सेकंद बाहेर बसतो. ‘मॅक्स_फेल्स=३ फेल_टाइमआउट=१५एस’ ही सुरुवातीला बरी जोडी आहे.

चूक कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे. कनेक्शन न होणं, वेळ उलटणं, हेडर चुकीचा येणं या चुका मोजल्या जातात. ॲपने ५०० किंवा ५०३ दिला तर तो एनजिनएक्सच्या लेखी व्यवस्थित मिळालेला प्रतिसाद असतो. तो मोजायचा असेल तर ‘प्रॉक्सी_नेक्स्ट_अपस्ट्रीम’मध्ये ‘एचटीटीपी_५००’, ‘एचटीटीपी_५०३’ अशी नावं घालावी लागतात. ४०३ आणि ४०४ कधीच चूक म्हणून मोजले जात नाहीत.

गटात ‘झोन’ (सगळ्या वर्करसाठी सामायिक मेमरी) लिहा, ६४के पुरतं. त्याविना प्रत्येक वर्कर प्रोसेस (एनजिनएक्सची रिक्वेस्ट हाताळणारी प्रत) आपली वेगळी वही ठेवते: ४ वर्कर आणि मॅक्स_फेल्स ३ असेल तर मेलेला सर्व्हर पूर्ण बाद होईपर्यंत १२ रिक्वेस्ट आपटू शकतात. आळीपाळीचा क्रमही प्रत्येक वर्करचा वेगळा असल्यामुळे कमी गर्दीत वाटप वाकडं दिसतं. गटात एकच सर्व्हर असेल तर हे दोन्ही आकडे दुर्लक्षिले जातात.

अपाचीत कनेक्शनच झालं नाही तर मेंबर ‘एरर’ स्थितीत जातो आणि ‘रिट्राय’ची मुदत, मूळ ६० सेकंद, संपेपर्यंत त्याला हात लावला जात नाही. बॅलन्सर नसलेल्या, एकच सर्व्हर असलेल्या मांडणीत हे फार जाचतं: ॲप ५ सेकंदांत परत उभं राहतं, पण लोकांना मिनिटभर ५०३ दिसत राहतो. तिथे ‘रिट्राय=०’ ठेवा. स्वतःहून तपासणी हवी असेल तर २.४.२१पासून मॉड_प्रॉक्सी_एचचेक आहे, त्याला मॉड_वॉचडॉग लागतं. एचएप्रॉक्सीत सर्व्हर ओळीत ‘चेक’ लिहिलं की दर २ सेकंदांनी तपासणी, ३ चुकांना बाद, २ यशांना परत आत, हे मूळ आकडे. त्यासोबत ‘ऑप्शन एचटीटीपीसीएचके’ द्या. नाहीतर फक्त पोर्ट उघडं आहे का एवढंच पाहिलं जातं, आणि अडकून पडलेल्या ॲपचं पोर्टही उघडंच असतं.

आरोग्य तपासणीच्या पाथने काय तपासावं?

ॲपची प्रोसेस जिवंत आहे आणि नव्या रिक्वेस्ट घ्यायला तयार आहे, एवढंच. डेटाबेसची तपासणी त्यात घालण्याचा मोह आवरा. डेटाबेस सगळ्यांचा एकच असतो. तो ३ सेकंद अडखळला तर तिन्ही सर्व्हर एकदम बाद होतात आणि जी पानं डेटाबेसविनाही चालली असती तीही जातात.

सर्व्हर मधेच पडला तर तीच रिक्वेस्ट दुसऱ्याकडे जाते का? पैसे दोनदा कापले जाणार नाहीत ना?

एनजिनएक्स मुळात कनेक्शनची चूक आणि वेळ उलटणं या दोन कारणांसाठी पुढच्या सर्व्हरकडे जातो. १.९.१३ आवृत्तीपासून पोस्ट, लॉक आणि पॅच या प्रकारच्या रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरला एकदा पाठवून झाल्या असतील तर दुसरीकडे दिल्या जात नाहीत. कनेक्शनच झालं नव्हतं तर दिल्या जातात, त्यात धोका नाही. ‘नॉन_आयडेम्पोटंट’ (दोनदा केल्यास परिणाम बदलणाऱ्या रिक्वेस्ट) हा शब्द प्रॉक्सी_नेक्स्ट_अपस्ट्रीममध्ये घातला की हे संरक्षण जातं. जुन्या फाइलीतून तो कॉपी होऊन आला नाही ना, पाहून घ्या.

गेट रिक्वेस्टवरही लगाम हवा. एखादा अहवाल ६० सेकंदांत होत नसेल तर पहिला सर्व्हर ६० सेकंदांनी सोडला जातो, तीच कामगिरी दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. आणि पहिला अजून जुनंच काम उपसत असतो. एका रिक्वेस्टने तिन्ही यंत्रं दमतात. ‘प्रॉक्सी_नेक्स्ट_अपस्ट्रीम_ट्राइज २’ आणि ‘प्रॉक्सी_नेक्स्ट_अपस्ट्रीम_टाइमआउट १०एस’ ठेवा. मूळ किंमत दोन्हींची ०, म्हणजे मर्यादा नाही.

दुसरा सर्व्हर जोडल्यापासून लोक सारखे लॉगआउट होतात. का?

सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे याची नोंद, ॲपच्या मेमरीत आहे म्हणून. लॉगिन १०.०.०.११ वर (पुढे नुसतं ११) झालं, पुढचं पान १२ वरून आलं, त्याला हा माणूस माहीत नाही. कायमचा उपाय म्हणजे सेशन रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर) किंवा डेटाबेसमध्ये ठेवणं, नाहीतर सही केलेल्या कुकीत. शेवटच्या पर्यायात तिन्ही यंत्रांवरची गुप्त किल्ली एकच हवी. प्रत्येक ॲप सुरू होताना स्वतःची किल्ली बनवत असेल तर लक्षणं हुबेहूब हीच दिसतात.

तेवढं बदलणं लगेच शक्य नसेल तर एका माणसाला एकाच सर्व्हरला चिकटवायचं. एनजिनएक्सचा ‘आयपी_हॅश’ सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा. आयपीव्ही४ पत्त्यातल्या टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीनच तो पाहतो, त्यामुळे एका कार्यालयातले किंवा एका मोबाइल कंपनीच्या एका गेटवेमागचे सगळे एकाच यंत्रावर जातात. तुमच्यापुढे सीडीएन (पानं वापरकर्त्यापर्यंत पोहोचवणारी मधली सेवा) असेल तर येणारे पत्ते त्याचेच असतात. आयपी_हॅशच्या गटातून सर्व्हर काढताना ओळ पुसू नका, तिला ‘डाउन’ लिहा. ओळ पुसली की बाकीच्यांच्याही जागा हलतात.

‘हॅश’ला (दिलेल्या किमतीवरून सर्व्हर ठरवणारी पद्धत) सेशनची कुकी देणं वरवर योग्य वाटतं, पण मेमरीतल्या सेशनसाठी ते चालत नाही. पहिल्या रिक्वेस्टला कुकी नसते. ती ११ वर गेली, सेशन तिथे बनलं, आणि मग त्या कुकीचा हॅश १३ कडे बोट दाखवतो. चिकटवण्याची कुकी पुढच्या सर्व्हरने स्वतः लावलेली हवी, आणि तिच्यात सर्व्हरचं नाव हवं. एचएप्रॉक्सीत ‘कुकी’ ओळीत ‘इन्सर्ट इनडायरेक्ट नोकॅश’ आणि प्रत्येक सर्व्हर ओळीत त्याची खूण, एवढ्यात काम होतं. अपाचीत प्रत्येक मेंबरला ‘रूट’ द्यायचा आणि ‘स्टिकीसेशन’ला कुकीचं नाव. मागे टॉमकॅट (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) असेल तर त्याच्या सर्व्हर.एक्सएमएलमधल्या ‘इंजिन’वर ‘जेव्हीएमरूट’ हुबेहूब तोच लिहायचा. टॉमकॅट तो सेशनच्या क्रमांकाला टिंबानंतर जोडतो आणि अपाची टिंबापुढचाच भाग वाचतो. स्वतः कुकी लावत असाल तर किमतीच्या आधी ते टिंब विसरू नका.

ॲपच्या लॉगमध्ये सगळ्यांचा पत्ता वेब सर्व्हरचाच दिसतो. आणि एचटीटीपीएस असूनही ॲप एचटीटीपीचे दुवे बनवतं.

ॲपला कनेक्शन करणारा वेब सर्व्हरच आहे, म्हणून. खरी माहिती हेडरमधून पाठवावी लागते: ‘होस्ट’ला $होस्ट, ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ला $प्रॉक्सी_ॲड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर, ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ला $स्कीम. अपाची एक्स-फॉरवर्डेड-फॉर स्वतःच जोडतो; होस्टसाठी ‘प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन’ लिहायचं, प्रोटो ‘रिक्वेस्टहेडर सेट’ने द्यायचा. प्रोटो राहून गेला आणि ॲप सक्तीने एचटीटीपीएसकडे वळवत असेल तर ब्राउझर ‘फार रीडायरेक्ट झाले’ म्हणून थांबतो.

एनजिनएक्समधली मेख वारशात आहे. ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’च्या ओळी वरच्या ब्लॉकमधून खाली येतात, पण खालच्या ब्लॉकमध्ये अशी एकही ओळ नसेल तरच. वर चार हेडर लिहून एका लोकेशनमध्ये पाचवा जोडला की त्या लोकेशनपुरते वरचे चारही गळतात. सगळे हेडर एका वेगळ्या फाइलीत ठेवून प्रत्येक लोकेशनमध्ये ‘इन्क्लूड’ करणं बरं.

ॲपने एक्स-फॉरवर्डेड-फॉरमधला डावीकडचा पहिला पत्ता खरा मानू नये. तो ग्राहकाने स्वतः लिहून पाठवलेला असू शकतो. एनजिनएक्स त्याच्या पुढे फक्त जोडतो. विश्वासातल्या प्रॉक्सींची संख्या मोजून उजवीकडून वाचायचं. पुढे एकच वेब सर्व्हर असेल तर जोडण्याऐवजी $रिमोट_ॲड्रने पूर्ण बदलून टाका, प्रश्नच मिटतो.

५०२, ५०३, ५०४ आणि ४९९ यांत फरक काय?

आधी लॉगच्या मांडणीत $अपस्ट्रीम_ॲड्र, $अपस्ट्रीम_स्टेटस आणि $अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम जोडा. एकाहून जास्त सर्व्हर आजमावले असतील तर किमती स्वल्पविरामाने येतात: ‘५०२, २००’ म्हणजे पहिला फसला, दुसऱ्याने निभावलं आणि वापरकर्त्याला काही कळलं नाही.

५०२ची कारणं बरीच असतात, म्हणून एरर लॉगमधला मजकूर पाहायचा. त्रुटी १११, कनेक्शन नाकारलं: त्या पोर्टवर ॲप ऐकत नाही, किंवा फक्त १२७.०.०.१वर ऐकतं आहे आणि तुम्ही बाहेरून येताय. त्रुटी १३, परवानगी नाही: एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा व्यवस्था) आडवा आला, ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ चालू करा. ‘सेंट टू बिग हेडर’: ॲपने पाठवलेल्या कुकी किंवा हेडर मूळ बफरात, म्हणजे ४ किंवा ८ केबीत, मावले नाहीत, ‘प्रॉक्सी_बफर_साइज’ १६के आणि सोबत ‘प्रॉक्सी_बफर्स ८ १६के’ करा. ‘नो लाइव्ह अपस्ट्रीम्स’: गटातले सगळेच बाद ठरले आहेत. ‘प्रीमॅच्युअरली क्लोज्ड’: ॲपची प्रोसेस काम करतानाच मेली, बहुधा मेमरी संपून किंवा ॲपच्या स्वतःच्या वेळमर्यादेने.

एनजिनएक्स सगळे सर्व्हर बाद झाल्यावर ५०२ देतो. अपाची आणि एचएप्रॉक्सी त्याच परिस्थितीत ५०३ देतात. ५०४ म्हणजे मागच्याने वेळेत उत्तर दिलं नाही. ४९९ हा एनजिनएक्सच्या लॉगपुरता आकडा: उत्तर येण्याआधी ग्राहकच निघून गेला. ४९९ एकदम वाढले तर ॲप मंदावलं आहे असं धरा. ४१३ आला तर ॲपला दोष देऊ नका, ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज’ मूळ १ एमबीच असतो.

टाइमआउट किती ठेवावेत?

एनजिनएक्सचे तिन्ही, कनेक्ट, सेंड आणि रीड, मूळ ६० सेकंदांचे आहेत. एकाच नेटवर्कमधल्या यंत्राशी कनेक्शन व्हायला ६० सेकंद देण्यात अर्थ नाही. ‘प्रॉक्सी_कनेक्ट_टाइमआउट’ २ किंवा ३ सेकंद करा, मेलेलं यंत्र लवकर उघडं पडतं. ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ हा पूर्ण प्रतिसादाचा वेळ नाही, दोन वाचनांमधल्या शांततेचा आहे. दर ५० सेकंदांनी एक बाइट पाठवणारं ॲप कितीही वेळ चालू शकतं. ॲपची स्वतःची मर्यादा पुढच्याच्या मर्यादेपेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे चूक ॲपच्या लॉगमध्ये कारणासह नोंदली जाते.

मागच्या सर्व्हरशी कनेक्शन उघडी ठेवावीत का?

रहदारी थोडी असेल तर फरक जाणवणार नाही. जास्त असेल तर हवीतच, आणि कारण साध्या गणितात आहे. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी मूळ पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२. बंद केलेलं कनेक्शन ६० सेकंद ‘टाइम_वेट’मध्ये पडून राहतं. प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन केलं तर एका मागच्या पत्त्याशी सेकंदाला साधारण ४७० नंतर पोर्ट संपायची वेळ येते आणि लॉगमध्ये त्रुटी ९९ दिसते.

गटात वाटपाच्या पद्धतीनंतर ‘कीपअलाइव्ह ३२’ लिहा. लोकेशनमध्ये ‘प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१’ आणि ‘कनेक्शन’ हेडरला रिकामी किंमत. शेवटच्या दोन ओळी राहिल्या तर चालू असलेल्या बहुतेक आवृत्त्यांत पहिली निरुपयोगी ठरते. ३२ हा आकडा प्रत्येक वर्करच्या रिकाम्या कनेक्शनांचा आहे, एकूण कनेक्शनांवरची मर्यादा नव्हे.

हे चालू केल्यावर क्वचित, कारण न सापडणारे ५०२ यायला लागले आणि लॉगमध्ये त्रुटी १०४ असेल तर दोन्हीकडच्या मुदती पाहा. एनजिनएक्स रिकामं कनेक्शन ६० सेकंद जपतो. नोडची (जावास्क्रिप्ट ॲप चालवणारा) मूळ मुदत ५ सेकंद, गनिकॉर्नची (पायथन ॲप चालवणारा) २. ॲपने कनेक्शन बंद केलं त्याच क्षणी एनजिनएक्सने त्यावर रिक्वेस्ट टाकली की ती फुकट जाते. मागच्याची मुदत पुढच्यापेक्षा जास्त हवी: ॲपमध्ये ६५ ते ७५ सेकंद करा, किंवा गटातला ‘कीपअलाइव्ह_टाइमआउट’ ॲपच्या मुदतीखाली आणा.

वेबसॉकेट चालत नाही किंवा मिनिटाभरात तुटतो.

वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि ॲपमधलं उघडं राहणारं दुहेरी कनेक्शन. चालत नसेल तर ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे हेडर मागे पोहोचत नाहीत. ते एका टप्प्यापुरतेच असल्यामुळे प्रॉक्सी त्यांना आपोआप पुढे देत नाही. ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ने द्यावे लागतात, सोबत एचटीटीपी १.१. मिनिटाने तुटत असेल तर रीड टाइमआउटचे ६० सेकंद. मुदत वाढवण्यापेक्षा ॲपने दर ३० सेकंदांनी पिंग पाठवणं चांगलं. सर्व्हरकडून थेंबाथेंबाने येणारे इव्हेंट एकदम साठून येत असतील तर बफरिंग अडवतं आहे. ॲपने प्रतिसादात ‘एक्स-ॲक्सेल-बफरिंग: नो’ पाठवलं की सुटतं.

साइट बंद न करता नवी आवृत्ती कशी चढवायची?

एकेक यंत्र बाहेर काढून. ११च्या ओळीत ‘डाउन’ लिहा, ‘-टी’ने तपासा, रीलोड करा. नव्या रिक्वेस्ट लगेच थांबतात. जुने वर्कर हातातलं काम संपवून जातात. ११वरची ८०८०ची कनेक्शनं ‘एसएस’ कमांडने पाहत राहा, ती ओसरली की नवी आवृत्ती चढवा. मग वेब सर्व्हरवरून ‘कर्ल’ने थेट ११ला विचारून पाहा, एकदा नव्हे, काही वेळा, पहिल्या रिक्वेस्टला कॅश थंड असते. नंतर ‘डाउन’ काढून रीलोड आणि पुढचं यंत्र.

वेबसॉकेट असतील तर जुने वर्कर तासन्‌तास रेंगाळतात. ‘वर्कर_शटडाउन_टाइमआउट’ देऊन त्यांना हद्द घाला. अपाचीत हे ‘बॅलन्सर-मॅनेजर’च्या पानावरून करता येतं: मेंबरला ड्रेन करा, जुनी सेशन त्याच्याकडेच राहतात आणि नवी जात नाहीत. तिथले बदल रीस्टार्टला पुसले जातात, ‘बॅलन्सरपर्सिस्ट ऑन’ असेल तरच टिकतात.

मधल्या काळात दोन आवृत्त्या एकत्र चालतात हे विसरून चालत नाही. नव्या सर्व्हरने दिलेलं पान नवी जावास्क्रिप्ट फाइल मागतं आणि ती मागणी जुन्याकडे जाते: ४०४. स्थिर फाइली सगळ्या यंत्रांवर आधी पोहोचवा, पान देणारा कोड नंतर. डेटाबेसमधला कॉलम पुसण्याचं काम पुढच्या खेपेला.

मागच्या यंत्राचा आयपी बदलला, पण एनजिनएक्स जुन्याकडेच जातो.

गटातली नावं सुरू होताना आणि रीलोड होताना एकदाच सोडवली जातात. नाव सुटलंच नाही तर एनजिनएक्स सुरूच होत नाही. १.२७.३पासून मोफत आवृत्तीतही सर्व्हर ओळीत ‘रिझॉल्व्ह’ लिहिता येतं. त्यासाठी गटात ‘झोन’ आणि वर ‘रिझॉल्व्हर’ हवा. त्याआधीच्या आवृत्त्यांत नाव व्हेरिएबलमध्ये घालून प्रॉक्सी_पासला देतात. तेव्हा वर सांगितलेला पाथचा नियम आठवा.

सर्व्हर तीनाचे पाच केले, वेग वाढला नाही; उलट चुका यायला लागल्या.

पाणी बहुधा डेटाबेसमध्ये मुरतंय. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शन, त्यातली ३ प्रशासकासाठी राखीव. प्रत्येक ॲपचा पूल (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) २०चा असेल तर तीन सर्व्हरना ६० लागतात, पाचांना १०० आणि उरतात ९७. सर्व्हर वाढवताना पूल कमी करा, किंवा मधे कनेक्शन पूलर बसवा. पुढच्या बाजूला ‘वर्कर_कनेक्शन्स’ही पाहा: मूळ ५१२, आणि प्रॉक्सी केलेली प्रत्येक रिक्वेस्ट दोन खाते, एक ग्राहकाचं आणि एक मागचं.

सुरक्षेसाठी काय बंद करायचं?

मागच्या यंत्रांचं ८०८० पोर्ट फायरवॉलने फक्त वेब सर्व्हरच्या पत्त्याला उघडं ठेवा. थेट पोहोचणारा माणूस हेडर हवे तसे रचू शकतो. बॅलन्सर-मॅनेजर ‘रिक्वायर आयपी’ने कुलूपबंद करा. टॉमकॅटचा एजेपी (वेब सर्व्हरशी बोलायचा त्याचा वेगळा प्रोटोकॉल), पोर्ट ८००९, वापरत नसाल तर बंदच बरा: २०२०च्या सीव्हीई-२०२०-१९३८ या त्रुटीत, म्हणजे घोस्टकॅटमध्ये, याच दारातून फाइली वाचता येत होत्या. त्यानंतर टॉमकॅट ९.०.३१पासून तो मुळात बंद येतो. मागे एचटीटीपीएसने जात असाल तर एनजिनएक्स मागच्याचं प्रमाणपत्र मुळात तपासत नाही. ‘प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय’ आणि ‘प्रॉक्सी_एसएसएल_सर्व्हर_नेम’ दोन्ही चालू करावे लागतात.

आणि पुढचा वेब सर्व्हरच पडला तर?

मग मागचे तिन्ही धडधाकट असून उपयोग नाही. दोन पुढची यंत्रं, दोघांवर कीपअलाइव्हडी (आयपी कोणाकडे असावा हे सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि मधे एक सामायिक आयपी. मुख्य यंत्र व्हीआरआरपी या प्रोटोकॉलने आपण जिवंत असल्याचं सांगत राहतं. ते थांबलं की दुसरं यंत्र तो आयपी स्वतःकडे घेतं. दुसऱ्या यंत्रावर तो आयपी नसतानाही एनजिनएक्स त्यावर ऐकू शकावा म्हणून ‘नेट.आयपीव्ही४.आयपी_नॉनलोकल_बाइंड’ १ करावं लागतं. कीपअलाइव्हडीने फक्त यंत्र नव्हे, एनजिनएक्सची प्रोसेसही तपासावी अशी स्क्रिप्ट जोडा. नाहीतर एनजिनएक्स मेला तरी आयपी तिथेच बसून राहतो. दोन्हीकडच्या फाइली एकाच ठिकाणाहून चढवा. डीएनएसमध्ये दोन पत्ते लिहिल्याने वाटप होतं, पण मेलेला पत्ता कुणी काढून टाकत नाही.